नव्या कॅमची पहिली वीस मिनिटं

सहा नंबरच्या व्हॉल्व्हची टॅपेट गॅप, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हचं टोक यांतली बारीक फट, मी पहिल्यांदा लावली तेव्हा ती १४ थाऊ होती. दोन आठवड्यांनी टकटक ऐकू आली म्हणून कव्हर उघडलं, तर १९. परत १४ वर आणली. पुढच्या रविवारी २३. तेव्हा पोटात गोळा आला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साताऱ्याच्या गॅरेजात हाच शब्द चालतो आणि इकडे इंग्लंडात कॉव्हेंट्रीतही. लॉकनट पक्का असताना एकाच व्हॉल्व्हची गॅप अशी वाढत राहिली, तर बहुतेक वेळा खाली काहीतरी झिजत असतं. माझ्या बाबतीत ते काहीतरी म्हणजे नवाकोरा, हौसेने आणलेला कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडवणारा फिरता दांडा, होता. गाडी त्यावर सहाशे मैलही चालली नव्हती.

गाडी मिनी. १९९१ची, १२७५ सीसीची, एकाच एसयू कार्ब्युरेटरवर चालणारी. २००८मध्ये टाटांनी जॅग्वार लँड रोव्हर घेतल्यावर पुण्या-पिंपरीहून या भागात येणाऱ्या इंजिनिअरांची रांग लागली. त्या रांगेत मीही होतो. ही गाडी जिथे जन्मली तो लाँगब्रिजचा कारखाना इथून तासाभराच्या आत होता. पगार हातात आल्यावर लोक नवी गाडी घेतात, मी जुनी घेतली. आमच्याकडे साताऱ्याला बाबांची पद्मिनी होती. तिचंही इंजिन याच घराण्यातलं, म्हणजे कॅम ब्लॉकच्या पोटात, त्यावर टॅपेट, टॅपेटवर पुशरॉड, वर व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर. लहानपणी जे इंजिन उघडलेलं पाहिलं त्याची खूण मिनीचं बॉनेट उचलल्यावर पटली आणि मी फसलो.

इंजिन खोललं. मिनीत हे बोलायला सोपं, करायला नाही, कारण गिअरबॉक्स इंजिनच्या बुडाखालीच बसवलेला, दोघांचं तेल एकच. दोन्ही एकत्र चेनकप्पीला टांगून बाहेर काढावे लागतात. कॅम ओढून काढला आणि सहावा लोब, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारा कॅमवरचा उंचवटा, बघून गप्प बसलो. बाकी सात नाकं धारदार होती, सहावं घासून गोल झालेलं. त्याच्या टॅपेटचा तळ बशीसारखा खोलगट. जे लोखंड तिथून गेलं ते तेलात मिसळून गिअरबॉक्सच्या बेअरिंगांतून फिरून आलं होतं. म्हणजे कॅमबरोबर गिअरबॉक्सही उघडणं आलं. एका नाकाची किंमत एवढी.

दोष कुणाचा, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. कॅम नवा टाकला, पण टॅपेट जुनेच ठेवले, दिसायला चांगले होते म्हणून. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची, ड्राइव्ह १८० अंश उलटी बसवली होती, त्यामुळे पहिल्या दिवशी गाडी चालूच होईना. मी स्टार्टर मारत राहिलो, बॅटरी उतरेपर्यंत. आणि चालू झाली तेव्हा काय केलं? आयडलिंग आठशेवर आणून, कान देऊन, कार्ब्युरेटरचं मिक्श्चर लावत बसलो. अर्धा तास. नवीन इंजिन आहे, त्रास नको, हळूहळू मुरू दे, असं मनात.

आपल्याकडे नवी गाडी 'रनिंग'मध्ये असते. पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नको, पिळू नको, हे स्कूटर घेतानाच कानावर पडलेलं. पिस्टन-रिंगांना ते काही अंशी लागूही असेल. पण सपाट टॅपेटच्या नव्या कॅमला हळू चालवणं हेच विष आहे, हे मला ३४ व्या वर्षी कळलं.

कारण असं. व्हॉल्व्हची स्प्रिंग टॅपेटला लोबवर दाबून धरते. लोबचं नाक वर आलं की स्प्रिंग सगळ्यात जास्त दबलेली, आणि तो सगळा दाब एका बारीक रेषेवर. इंजिन जोरात फिरत असेल तर नाकावरून जाताना टॅपेट-पुशरॉडचा स्वतःचा वेग त्यांना वर उधळू बघतो, तेवढा स्प्रिंगचा भार हलका होतो. आयडलिंगला ही सवलत नाही, पूर्ण भार नाकावर. त्यातून या इंजिनात लोबला तेल पोचतं ते मुख्यतः खालून, क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, फिरण्याने उडालेलं. क्रँक सावकाश फिरला तर शिंतोडेही कमी. थोडक्यात, ज्याला आपण हळूवारपणा समजतो त्यात नव्या कॅमला भार जास्त आणि तेल कमी मिळतं.

साताऱ्याला पोवई नाक्याजवळच्या गल्लीत बाबांचे मिस्त्री अजून आहेत. हात थरथरतात, पण गॅरेजात येऊन बसतात. व्हिडिओ कॉलवर त्यांना तो लोब दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नीट पाहिलं.

"आयडलला ठिवलीस न्हवं?"

"हो काका. मिक्श्चर लावत होतो."

"आरं, मिक्श्चर पळून जातंय का? नव्या कॅमवर इंजिनानं एकदा पकडलं की सोडायचं न्हाई. अर्धा ॲक्सिलेटर, आन् ईस मिनिटं धरून बसायचं. तुझ्या बाच्या गाडीला असंच केलतं. तू तवा पाटीवर बसून आइसफ्रूट खात व्हतास."

मला आइसफ्रूट आठवत होतं.

दुसरा कॅम मागवला, त्याच मापाचा, २६६ अंशांचा, म्हणजे क्रँकच्या तेवढ्या फिरण्यात व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा. रस्त्यावर चालवायच्या मिनीसाठी हा मध्यम गरम म्हणावा असा. याच्या पुढचे घेतले की गाडी सिग्नलला झटके देत उभी राहते. या वेळी आठही टॅपेट नवे. टॅपेटचा तळ सपाट म्हणतात खरं, पण तो सपाट नसतो. दोन नवे टॅपेट तळाला तळ लावून धरले तर ते डुलतात, कारण तळ किंचित फुगीर घासलेला असतो. आणि लोबही केसभर उतरता असतो. त्यामुळे लोब टॅपेटला मधोमध न लागता एका बाजूला लागतो आणि प्रत्येक ढकलीबरोबर त्याला थोडं गोल फिरवतो. टॅपेट फिरत राहिला की झीज सगळीकडे वाटली जाते. ज्या क्षणी तो फिरायचा थांबतो, त्या क्षणी लोब त्याला एकाच जागी रंधा मारायला लागतो. म्हणून जुना टॅपेट नव्या लोबवर नको. त्याचा तळ आधीच दुसऱ्या कुणाशी घासून बसलेला असतो. प्रत्येक टॅपेट मी त्याच्या भोकात बोटाने फिरवून, खालीवर करून पाहिला. स्वतःच्या वजनाने तेलातून सावकाश उतरला पाहिजे. तीन नंबरचा जरा अडखळत होता. भोकाच्या काठाला जुनी जळकी राळ होती, ती काढल्यावर सुटला.

कॅमवर काळा थर असतो, फॉस्फेटचा, तेल धरून ठेवण्यासाठी. पहिल्या वेळी तो मला पॅकिंगचा मळ वाटला होता आणि मी तो चमकेपर्यंत पुसायचा प्रयत्न केला होता. या वेळी पेट्रोलने ओलसर केलेल्या कापडाने धूळ काढली, तेलाच्या वाटा फुंकून पाहिल्या, बस. मागच्या टोकाची खाचही तपासली, कारण या इंजिनात ऑइल पंप कॅमच्या शेपटावर चालतो आणि पंपाची जोडणी तीन तऱ्हेची असते: पिन, खाच आणि चांदणी. चुकीची आली तर सगळं जुळवल्यावर कळतं.

मग टायमिंग. यात माझे दोन रविवार गेले आणि मला यातच सगळ्यात मजा आली. ठिपक्याला ठिपका लावून चेन चढवली की कॅम बरोबर बसला, असं समजायचं नाही. चेनच्या चाकाची खाच, कॅमची खाच, चेन, प्रत्येकात थोडा थोडा फरक साठतो. क्रँकवर अंशांची चकती लावली, पिस्टनवर डायल गेज. पिस्टन वरच्या टोकाला काही अंश स्तब्धच असतो, त्यामुळे नेमकं टोक डोळ्यांनी सापडत नाही. टोकाच्या अलीकडे आणि पलीकडे सारख्याच उतारावर चकती वाचायची आणि मध्य काढायचा. मग गेज पहिल्या सिलिंडरच्या इनलेटच्या, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या, पुशरॉडवर. याही नाकाचा मध्य तसाच, दोन्हीकडून ५ थाऊ खाली मोजून. कॅमबरोबर आलेल्या कार्डावर लिहिलं होतं, इनलेट पूर्ण उघडा तो टोकानंतर १०६ अंशांवर. माझा निघाला ११०. चार अंश उशीर. याला तिरकी चावी मिळते, चाक कॅमवर जरा सरकवून बसवणारी. ती लावली, परत मोजलं: ११४. चावी उलटी बसवली होती. चहा प्यायला, चावी फिरवली, १०६. मापं घेताना फक्त पहिल्या सिलिंडरचेच दोन टॅपेट आत ठेवले होते, बाकी कोरड्या लोबांना उगाच घासायला नको म्हणून.

जास्त लिफ्टचा कॅम म्हणजे व्हॉल्व्ह जास्त खोल उतरणार. १२७५च्या ब्लॉकमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी काठाला कोनाडे कापलेले असतात. ते पुरतात का, हे मुलीच्या प्लॅस्टिसिनची गोळी ठेवून बघितलं. पुरले. स्प्रिंगा दुहेरी होत्या. आतल्या आठही काढून बाजूला ठेवल्या, रनिंगपुरत्या फक्त बाहेरच्या. भार जितका कमी तितकं बरं.

सगळं मापात आल्यावर कॅम पुन्हा बाहेर काढला आणि मग त्याला मॉलिब्डेनमची पेस्ट लावली. काळी, चिकट, नखांत गेली की आठवडाभर निघत नाही. ती लोबांना आणि टॅपेटच्या तळांनाच लावायची. टॅपेटच्या अंगाला आणि कॅमच्या जर्नलना, म्हणजे बेअरिंगात फिरणाऱ्या गोल भागांना, साधं तेल. अंगाला पेस्ट चोपडली तर टॅपेट गोल फिरायला आळस करतो, आणि सगळा खेळ तर त्या फिरण्याचाच. तेल २०डब्ल्यू-५०, जुन्या गाड्यांसाठीचं, ज्यात झिंक-फॉस्फरसचं द्रव्य भरपूर असतं. हे द्रव्य लोखंडावर पातळ साय धरतं आणि ती साय आधी झिजते. पण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो, म्हणून आधुनिक तेलांत तो कमी करत आणलाय. महागातलं नवं सिंथेटिक तेल घालून गाडीवर उपकार केले असं वाटतं, प्रत्यक्षात तिचं पांघरूण काढून घेतलेलं असतं.

आता खरी अडचण. कोरड्या इंजिनात तेलाचं प्रेशर आणायचं कसं? स्टार्टर मारत राहिलं की पेस्ट पुसली जाते. काही इंजिनांत डिस्ट्रिब्युटर काढून त्या भोकातून ड्रिलने ऑइल पंप फिरवता येतो. मिनीत पंप कॅमनेच फिरतो, म्हणजे पंप फिरवायचा तर कॅम फिरणारच. यावर इथले हौशी लोक एक युक्ती करतात, आणि ती ऐकून मी हसलोच, कारण ते यंत्र मी तासगावला मामाच्या द्राक्षबागेत वापरलेलं: फवारणीचा हातपंप. नवा पाच लिटरचा पंप आणला, त्यात कोमट केलेलं इंजिनचं तेल, नोझल काढून नळी थेट ब्लॉकवरच्या प्रेशर स्विचच्या भोकाला. रॉकर शाफ्ट उतरवून ठेवला, म्हणजे स्प्रिंगांचा भार टॅपेटवर येणारच नाही. प्लग काढले. बायको चौथ्या गिअरमध्ये गाडी वीतवीत पुढे ढकलतेय आणि मी पंप मारतोय, असा तो सोहळा.

"हे फवारून गाडीला कीड लागणार नाही का?" तिने विचारलं.

"लागलेली कीड जाईल."

सातआठ मिनिटांनी हेडवरच्या छिद्रातून तेल पाझरलं. आधी बुडबुडा, मग धार. रॉकर परत चढवले आणि गॅप शेवटची तपासली, नऊच्या हिशोबाने: जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, त्याचा नंबर नवातून वजा केला की जो येतो त्याची गॅप लावायची. आठवा उघडा तर पहिला, सहावा उघडा तर तिसरा. आठही १४ थाऊ. मी कुठेतरी १३ ठेवावी का म्हणून विचारलं तेव्हा मिस्त्रीकाका म्हणाले होते, "लूज ऱ्हायला तर वाजंल. टाइट ठिवलास तर व्हॉल्व्ह जळंल. तूच ठरीव."

मुद्दा एवढाच होता की किल्ली फिरवल्यावर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत इंजिन पकडलं पाहिजे. त्यामुळे उरलेली सगळी तयारी त्यासाठी. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलताना, म्हणजे पहिला खरोखर कॉम्प्रेशनवर असताना, डिस्ट्रिब्युटर बसवला आणि रोटर पहिल्या वायरीकडे आहे हे तीनदा पाहिलं. पेट्रोल पंपही कॅमवरच चालणारा, त्यामुळे कार्ब्युरेटरची वाटी पिचकारीने आधीच भरली. बॅटरी रात्रभर चार्ज. रेडिएटर भरून हवा काढली. गाडी घराबाहेर उतारावर, समोर घरातला उभा पंखा, कारण उभ्या गाडीत वीस मिनिटं अडीच हजारावर म्हणजे इंजिन तापणारच. शेजारच्या आजोबांकडे आदल्या दिवशी चकल्यांचा डबा घेऊन गेलो आणि शनिवारी अकराला मोठा आवाज होईल म्हणून सांगितलं. ते अकराला खुर्ची घेऊन बाहेरच येऊन बसले.

आणखी एक खटाटोप केला होता. भंगारातून जुनं रॉकर कव्हर आणून त्याची पाठ कापली, म्हणजे काठ तेल अडवतील पण आत दिसेल. आठही पुशरॉडना पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका. पुशरॉड फिरताना दिसला तर खाली टॅपेट फिरतोय.

किल्ली. दुसऱ्या की तिसऱ्या फेरीला पकडलं. पाय आधीच ॲक्सिलेटरवर होता, काटा अडीच हजारावर आणून धरला. प्रेशर ६० पौंडांवर. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवरून रंग जळल्याचा धूर, घाबरायला पुरेल एवढा. ॲक्सिलेटर बायकोच्या पायाखाली दिला आणि मी बॉनेटकडे धावलो. एक, दोन, तीन, चार, पाच पुशरॉड टुकूटुकू फिरताहेत. सात, आठ फिरताहेत. सहावा दिसतच नव्हता फिरताना. तोच सहावा. हाताने खूण करून गाडी बंद करायला सांगणार, तेवढ्यात दिसलं की त्याच्यावरचा ठिपकाच तेलाने धुवून गेलाय, फक्त एक पांढरी कड उरलीये, आणि ती कड फिरतेय.

दर मिनिटा-दोन मिनिटांनी वेग बदलत राहायचा, दोन हजार, तीन हजार, परत अडीच, म्हणजे शिंतोडे वेगवेगळ्या जागी पडतात. नवव्या मिनिटाला हीटरच्या पाइपच्या क्लिपमधून पाण्याची पिचकारी उडाली. मागच्या वेळचा मी असतो तर आयडलवर ठेवून पान्हा शोधला असता. या वेळी सरळ बंद केली. क्लिप आवळली, पाणी भरलं आणि परत किल्ली, परत सरळ अडीच हजार. घड्याळ जिथे थांबलं होतं तिथून पुढे. वीस मिनिटांत क्रँक पन्नास हजार वेळा फिरतो, कॅम त्याच्या निम्मा. म्हणजे प्रत्येक नाकाने आपल्या टॅपेटला पंचवीस हजार वेळा उचललं. शेवटची पाच मिनिटं संपता संपेनात. आजोबांनी अंगठा वर करून दाखवला आणि चकली मोडली.

बंद केल्यावर तेल गरम असतानाच काढलं. मॉलिब्डेनममुळे ते काळं-करडं, चिखलासारखं. फिल्टर करवतीने कापून कागद उन्हात पसरला: बारीक चकाकी होती, पण नखाला लागेल असा कण नाही. मिनीच्या ड्रेन प्लगला लोहचुंबक असतं, त्यावर राखाडी लव. मागच्या वेळी त्यावर सुया होत्या. नवं तेल, नवा फिल्टर. आतल्या स्प्रिंगा दुसऱ्या आठवड्यात चढवल्या. हेड न उतरवता, प्लगच्या भोकातून सुताची दोरी सिलिंडरमध्ये भरून व्हॉल्व्ह वरच धरून ठेवले आणि स्प्रिंगा दाबल्या. तो दिवस मात्र आठवावा असा नाही.

गाडी आता आयडलला थोडी लंगडते, हजाराच्या खाली ठेवली तर आरसा थरथरतो. तीन हजारांपर्यंत आधीच्यापेक्षा सुस्तच आहे, खोटं कशाला बोलू. त्यापुढे मात्र ओढते, आणि केनिलवर्थच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ती ओढ लागली की मी उगाच खिडकी खाली करतो.

गॅरेजच्या भिंतीवर पेन्सिलीने तक्ता काढलाय. ५० मैल, १५०, ३००, ६००, आणि खाली आठ रकाने. ६०० मैलांच्या ओळीत सात ठिकाणी १४ आणि एका ठिकाणी १५ लिहिलंय. ते १५ तीन नंबरचं आहे, मी ते चारदा मोजलं. सहाव्यात १४ थाऊचं पातं तसंच जातं, लोण्यातून सुरी ओढल्यासारखं. तक्त्याचा फोटो साताऱ्याला पाठवला. संध्याकाळी मिस्त्रीकाकांच्या नातवाच्या नंबरवरून व्हॉइस मेसेज आला, मागे कुणीतरी ग्राइंडर चालवत होतं: "तीन नंबरवर ध्यान ठीव. आन् त्ये आइसफ्रूटवाला अजून येतूय रं गल्लीत."